देव हलवायचा राहिला

सकाळी शाळेत निघायची गडबड होती. डबा भरत होते तेवढ्यात दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. पडेगावला, दौलताबाद रस्त्यावर त्याचं गॅरेज आहे आणि गॅरेजच्या मागे घर. "शोभे, बंद पडलं गं," एवढंच तो म्हणाला. वहिनीच्या डायलिसिसचा दिवस होता, तो तिला जीपमधून दवाखान्यात नेणार होता, म्हणून मला वाटलं गाडीच वाटेत बंद पडली. मी तर वैतागूनच बोलले, "कुठं पडली? छावणीच्या अलीकडं का? मग रिक्षा बघ ना पटकन, तिथं तिचा नंबर जाईल." तेव्हा म्हणाला, "गाडी नाय गं. हात बंद पडला तिचा. मी बोट ठिवलं, तर काहीच लागंना."

हे बोलणं आमच्या घरातल्यांनाच कळेल. वहिनीच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. डायलिसिसच्या सुया टोचता याव्यात म्हणून डॉक्टरांनी तिच्या डाव्या मनगटापाशी धमनी आणि शीर जोडून दिल्या होत्या. तिथं बोट ठेवलं की आत सतत एक गुरगुर लागायची. ती रोज तपासायला सांगितलेली होती. दादानं ते काम स्वतःकडे घेतलं. चहाच्या आधी तिचा हात मांडीवर घ्यायचा, डोळे मिटून बोटं ठेवायचा, आणि "चालू हाय" म्हणून हात परत तिच्या मांडीवर ठेवायचा. इंजिनाच्या झाकणावर तळवा ठेवून तो जसा आवाज बघतो, अगदी तसंच. वहिनी म्हणायची, "जन्मभर ह्यांनी माझा हात धरला नाय, आता इंजिन बशीवल्यावर रोज धरत्यात." त्या सकाळी ती गुरगुर थांबली, वहिनी गेली. तिच्या जाण्याला आता काही आठवडे झाले. लोक भेटायला येतात, "सुटली बिचारी" म्हणतात. मला ते ऐकवत नाही. तिला सुटायचं नव्हतं, हे मला पक्कं माहीत आहे.

सिंधू वहिनी सिल्लोडची. बाप कापसाच्या आडतीत हमाली करायचा, पण पोरींचा तोरा एखाद्या पाटलाच्या पोरींसारखा. लग्न होऊन आली तेव्हा मी शाळेत शिकत होते. मला पहिल्यांदा दिसले ते तिचे हात. इतके लहान की कासार बांगड्या भरताना हसायचा, म्हणायचा, लेकराच्या मापाच्या काढाव्या लागतात. त्याच हातांनी ती मोठमोठ्या भाकरी थापायची आणि अडकित्त्यात सुपारी धरून एका दाबात दोन फाका करायची. सुपारीचं वेड तिला माहेरापासूनचं. कमरेला बटवा कायम. आमच्या आईला सुनेनं सुपारी चघळणं आवडायचं नाही, आणि वहिनीला सासूचं न आवडणं फारसं लागायचं नाही. मूलबाळ झालं नाही, त्यावरून आईनं जे ऐकवायचं ते ऐकवलंच. वहिनी ऐकून घ्यायची आणि गालातली सुपारी ह्या बाजूची त्या बाजूला करायची. मी एकदा विचारलं, "वहिनी, तुला राग येत नाही का?" तर म्हणाली, "येतो की. तोच चघळते."

आजार आला तेव्हा डॉक्टरांनी पाणी बांधून दिलं. दिवसभरात मोजकं, तेही घोटघोट. ज्यांनी ही तहान पाहिली नाही त्यांना सांगून कळायचं नाही. चुलीपाशी बसणारी, उन्हाळ्यात तांब्यानं घटाघटा पिणारी बाई… ती न्हाणीत नळाखाली नुसता हात धरून बसलेली मी पाहिली आहे. ओठ फुटायचे. जीभ टाळूला चिकटायची. मग ती सुपारीची एक फाक गालात धरायची, तेवढीच तोंडाला ओल. सुपारीही बंद केलेली होती, पण त्या बाबतीत तिनं डॉक्टरांचं ऐकलं नाही आणि मीही कधी चहाडी केली नाही.

मागच्या खंडेनवमीची गोष्ट सांगायची आहे, त्यासाठीच खरं तर हे लिहायला बसले. त्या दिवशी गॅरेजमध्ये हत्यारांची पूजा असते. पान्हे, हातोडे, जॅक सगळे धुऊन पुसून मांडतात, झेंडूच्या माळा घालतात. पूजेतला गणपती म्हणजे एक सुपारी. गॅरेज सुरू केलं तेव्हा आईनं दिलेली, दरवर्षी तीच. विड्याच्या पानावर ठेवायची, अक्षता वाहून देवाला तिच्यात बोलवायचं, आणि दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा करून सुपारी जागेवरून जराशी सरकवायची. ह्याला आमच्याकडे देव हलवणं म्हणतात. हलवली की देव गेला, मग ती नुसती सुपारी. तोवर तिला कोणी हात लावायचा नाही, धक्का लागू द्यायचा नाही. दरवर्षी हे सगळं लोखंडी बाकावर व्हायचं. त्या वर्षी दादाच्या मनात आलं की देव जीपच्या इंजिनावरच मांडावा. वहिनीला दवाखान्यात नेणारी हीच जीप. ती कधी बंद पडू नये, एवढंच त्याचं मागणं होतं.

जीपचं तेल बदलायचं काम अर्धं झालं होतं आणि तेल ओतायच्या नळीचं झाकण काढलेलं होतं. दादाचा एक नेम आहे, इंजिनाचं कुठलंही तोंड उघडं ठेवायचं नाही, त्यात फडकं कोंबायचं. ह्या नेमावरून त्यानं कित्येक कारागीर हाकलले असतील. त्या दिवशीही फडकं होतं. पण ते मळकं, तेलकट. देवाच्या शेजारी कसं दिसेल म्हणून पूजेच्या आधी त्यानं स्वतःच्या हातानं ते काढलं! आम्ही सगळे उभे होतो. वहिनी खुर्चीवर बसून हात जोडून होती. आरती झाली, दादानं पुढच्या बंपरवर नारळ आपटला, जीप हादरली, पान घसरलं आणि सुपारी घरंगळत त्या नळीत गेली. आतून एक बारीक टक् असा आवाज आला. नारळाचं पाणी दादाच्या पायांवर सांडत होतं आणि तो तसाच उभा होता.

मला तर हसूच आलं होतं. पण दादाचं तोंड पाहिलं आणि मी गप्प झाले. तो पांढराफटक पडला होता. "देव आपणहून हलला," तो म्हणाला. "उत्तरपूजा नाय, काय नाय. उठून गेला." आणि त्यानं वहिनीकडे पाहिलं. त्या बघण्याचा अर्थ तिथं सगळ्यांना कळला, तिला तर सगळ्यांत आधी.

त्याच दुपारी दादा जीपखाली शिरला. इंजिनाच्या तळाशी तेल साठायचं भांडं असतं, त्याला ते लोक चेंबर म्हणतात. ते त्यानं उतरवलं. सुपारी त्यात असायला हवी होती, पण नव्हती. आतच कुठल्यातरी कपारीत अडकली होती. इंजिनात पडलेला नट, वायसर, स्क्रू काढायला त्याच्याकडे चुंबक लावलेली लांब काडी आहे, तिचा इथं काय उपयोग? वहिनी त्याही अवस्थेत बोलली, "देव लोखंडाचा ठिवायचा व्हता." मग त्यानं तारेच्या टोकाला ग्रीस लावून पाहिलं, सायकलचा आरा वाकवून आकडा केला, आरसा आणि बॅटरी घेऊन आत पाहिलं. कुठंतरी हाताला लागायची म्हणे, आणि सटकायची. शेजारी लेथ चालवणारा रफिक आमच्या घरचाच. तो समजवायला आला, "भाऊ, छोड दो ना. पंप के मुंह पे जाली है, लकडे की चीज है, कुछ नहीं होता." दादा खालूनच ओरडला, "इंजिनाचं कोण बोलतंय? माझा गणपती हाय त्यो!" रफिक परत लेथवर गेला.

आणि मग ते दिवस… दसरा गेला. आपट्याची पानं द्यायला माणसं आली, त्यांना दादाचे नुसते पाय दिसले. जेवायला तो उठायचा नाही, तिथंच पोत्यावर भाकरी खायचा. गिऱ्हाईकं परत जायला लागली. डायलिसिसला वहिनीला मी रिक्षानं नेलं. परतताना छावणीपासूनच्या खड्ड्यांनी तिचं अंग मोडून गेलं होतं. उतरवली तेव्हा ती लटलट कापत होती. गॅरेजच्या दारात आलो तर जीपखालून दादाचे पाय बाहेर. "आलीस का?" त्यानं आतूनच विचारलं. वहिनी तशीच खांबाला धरून उभी राहिली आणि मला हळू म्हणाली, "शोभाताई, मी मेले तरी हे पाय असेच दिसतील बघा." दोन दिवसांपासून त्यानं सकाळी तिच्या हातावर बोटं ठेवली नव्हती, हेही तिनं मला तेव्हाच सांगितलं. मला दादाचा इतका संताप आला की त्याचे पाय धरून फरफटत बाहेर ओढावं. तिला वाचवायचं म्हणून हा देव शोधत होता, आणि ती पलीकडच्या खोलीत एकटी पडून होती. आमच्याकडे म्हण आहे, घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. हे घोडं तर देवानंच धाडलेलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर गेले तर वहिनी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसलेली. म्हणाली, "गॅरेजातल्या डब्यातलं इंजिनाचं जळकं तेल वाटीभर आणा." मला वाटलं कशाला तरी लावायचं असेल. आणलं. तिनं बटव्यातून एक सुपारी काढली, न फोडलेली, आणि तेलात बुडवून बोटांनी घोळवायला लागली. मी विचारलं, "वहिनी, हे काय?" तर वर न बघता म्हणाली, "देव घडविते. मातीचाच लागतो व्हय? तेलाचा बी व्हतो." सुपारी काळीभोर झाल्यावर तिनं ती पदराच्या टोकात गुंडाळून मुठीत धरली. मी घाबरले. म्हटलं, दादाला कळलं तर? खरी सुपारी आतच राहिली तर? ती म्हणाली, "ऱ्हाईना. रफिकभाईनं सांगितलं न, इंजिनाला काय व्हत नाय. मला कुठं देव काढायचाय? मला ह्यांना काढायचंय, गाडीखालनं." मग थोडं थांबून, "माझ्याजवळ लई दिवस नायत शोभाताई. ते असे गाडीखाली नकोत घालवायला. मी हाय तवर बोलू नका. माघारी कळलं तर कळू द्या."

तिला धरून मी गॅरेजात नेलं. ती म्हणाली, "अहो, सरका. माझा हात लहान हाय, मी बघते." दादा आधी नाहीच म्हणाला. मग बाहेर आला. ती बाई, जिला खाटेवरून उठताना आधार लागायचा, पदर खोचून त्या तेलकट पोत्यावर आडवी झाली आणि जीपखाली सरकली. बाहेर तिचे पाय राहिले, जोडव्यांसकट, टाचा जुळलेल्या. मी तोंड फिरवलं. ते दृश्य कसं दिसत होतं ते लिहायला नको. आतून तिचा आवाज येत होता, "हां… लागतीया… थांबा…" इतकं बेमालूम सोंग तिनं कधी केलं नव्हतं आणि पुढे कधी केलं नाही. मग काळाकुट्ट चिमुकला हात बाहेर आला, मूठ उघडली, आत सुपारी. दादा मटकन खाली बसला आणि तिच्या पायांवर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला. ती आतूनच म्हणत होती, "अहो, सोडा की, लोक बघत्यात."

त्यानं ती सुपारी डिझेलनं धुतली, पुसली, बाकावर पानावर ठेवली. मी त्याच्या हातांकडेच बघत होते. पण डोळे भरलेला माणूस काय निरखणार? राहिलेली उत्तरपूजा त्यानं केली, अक्षता वाहिल्या आणि देव हलवला. संध्याकाळपर्यंत चेंबर चढलं, तेल भरलं, जीप सुरू झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं वहिनीचा हात मांडीवर घेतला आणि म्हणाला, "चालू हाय."

त्यानंतरचा हिवाळा तिला मिळाला. फार मोठा नव्हता, पण मिळाला. प्रत्येक डायलिसिसला दादा न्यायचा आणि तिथं मशीनपाशी स्टुलावर बसून राहायचा. जीपमध्ये मी बरोबर असले की वहिनी मागच्या सीटवर शेजारी बसून पायानं माझा पाय दाबायची आणि कानात म्हणायची, "खाली देव बसलाय, वर मी." तिला त्याची फार गंमत वाटायची. एकदा दौलताबादच्या पायथ्याशी गाडी थांबवून दादानं तिला सीताफळ घेऊन दिलं, तिनं नुसता वास घेतला आणि बाजूला ठेवलं. ही एवढीच त्या दोघांची सहल.

उन्हं तापायला लागली आणि तिचं अंग सुजायला लागलं. पाय, तोंड, मग हात. ज्या हातांना लेकराच्या मापाच्या बांगड्या लागायच्या त्यांच्यात त्याच बांगड्या रुतायला लागल्या. काढाव्यात तर निघेनात. शेवटी दादानं खाली फडकं धरून पक्कडीनं एकेक बांगडी वाढवली. सवाशिणीच्या हातातली बांगडी नवऱ्यानं वाढवायची… एकेक तुकडा तो फडक्यात वेचून घेत होता. आणि ती त्याला म्हणत होती, "एवढं काय, नव्या भरू." नव्या भरल्या गेल्या नाहीत. तिला न्यायच्या वेळी हिरवा चुडा आणला, पण तो हातात चढेना. मग तो तसाच तिच्या छातीवर ठेवला.

तेराव्यानंतर दादा जीपकडे बघेना. काही दिवसांनी तिची लुगडी तिच्या बहिणीला द्यायची म्हणून सिल्लोडला निघाला, तर शहर ओलांडायच्या आत तेलाचा लाल दिवा लागला. त्यानं गाडी ओढून परत आणली आणि चेंबर खोललं. मला फोन आला, "ये." मी गेले तेव्हा तो जमिनीवर बसलेला, समोर पंपाची जाळी, आणि जाळीत रुतलेली सुपारी. कडा झिजलेल्या, रंग काळा, पण खाचेत आईच्या वेळच्या कुंकवाचा लालसर डाग अजून होता.

"तुला ठाऊक व्हतं?" त्यानं विचारलं.

"हो."

"मग त्या दिवशी आपण कोणाला हलवलं?"

"तिच्या बटव्यातली सुपारी होती ती, दादा."

त्यानं जाळी उचलून जवळ धरली. मग जे बोलला ते ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणाला, "म्हणून गेली ती. देव आतच अडकला व्हता." मी ओरडलेच त्याच्यावर. म्हटलं, "किडन्या गेल्या म्हणून गेली ती! ह्या सुपारीपायी तू तिचे होते तेवढे दिवस गाडीखाली घालवणार होतास. ते तिनं सोडवून आणले, त्या मोडलेल्या अंगानं पोत्यावर झोपून. मला म्हणाली, देव नाही काढायचा, ह्यांना काढायचंय." हे शेवटचं मी बोलले आणि तो रडायला लागला, अगदी आवाज न करता. रफिक लेथ बंद करून दारात येऊन उभा होता, तो तसाच मागे फिरला.

मग दादा उठला. विड्याचं पान नव्हतं, म्हणून एक स्वच्छ फडकं बाकावर अंथरलं आणि सुपारी जाळीतून सोडवून त्यावर ठेवली. मी म्हटलं, "आता अक्षता वाहा आणि राहिलेली उत्तरपूजा करून टाक, मोकळा हो." त्यानं मान हलवली. "नाय. ह्या पूजेला ती बसली व्हती, शोभे. खुर्चीवर, हात जोडून. देव हलवला की पूजा उठली… मी नाय उठवायचो."

तेव्हापासून ती सुपारी तिथंच आहे. गॅरेजचं काम चालतं. हातोडा मारायचा तो दुसऱ्या बाकावर, रफिककडची माणसं सामान ठेवायला येतात ती त्या बाकाला वळसा घालून जातात. येत्या खंडेनवमीला काय करणार, मी विचारलं नाही. मी शाळेत मुलांना विज्ञान शिकवते, शकुन-अपशकुन मानत नाही, आणि ते दादाला जन्मभर ऐकवत आले आहे. परवा गेले तर बाकावर धुळीचा थर होता. दादा गिऱ्हाईकाबरोबर बाहेर गेला होता, आसपास कोणी नव्हतं. म्हटलं बाक पुसून घ्यावा. पुसत पुसत सुपारीपर्यंत आले, आणि फडकं तिच्या भोवतीनं फिरवलं.